आतून बाहेर: फायबरच्या होडीच्या दुरुस्तीविषयी

फायबरची होडी बांधायला घेतली की पहिला हात लागतो तो सर्वांत बाहेरच्या थराला. साचा घासूनपुसून, मेण चढवून चकचकीत केलेला असतो. त्यावर आधी जेलकोट मारतात, साधारण अर्धा मिलिमीटर. तो बोटाला चिकटतो पण बोटावर उतरत नाही, अशा बेताला आला की त्याच्या पाठीवर काचेची मॅट अंथरायची, तिला रेझिन पाजायचं, रोलरने बुडबुडे काढायचे. मग विणीचं रोविंग, मग पुन्हा मॅट. असे थर चढत जातात आणि शेवटी होडी साच्यातून सुटते. आपल्याला दिसणारी ती गुळगुळीत पांढरी किंवा निळी कांती म्हणजे त्या होडीच्या आयुष्यातला सर्वांत जुना थर असतो.

दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला हाच क्रम उलटा येतो. त्याला आतून बाहेर यावं लागतं: आधी काच, शेवटी कांती. या उलटेपणातून दुरुस्तीच्या जवळजवळ सगळ्या अडचणी निघतात आणि सगळे नियमही. या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे. ती नीट उमगली, तर पुढची मापं आणि प्रमाणं पाठ करावी लागणार नाहीत.

साच्यात थर चढत असताना खालचा थर अजून पुरता पिकलेला नसतो, म्हणून वरचं रेझिन त्याच्याशी रासायनिक नातं जोडतं आणि सगळे थर मिळून एकच वस्तू होते. पाच वर्षं समुद्रात काढलेल्या होडीचं रेझिन मात्र केव्हाच पिकून चुकलेलं असतं. नवं रेझिन त्यावर फक्त चिकटतं, डिंक चिकटावा तसं. हे चिकटणं किती टिकणार हे तीन गोष्टींवर ठरतं: पृष्ठभाग किती खरखरीत आहे, किती स्वच्छ आहे आणि किती कोरडा आहे. शिवाय साच्यात जेलकोटला हवा लागत नाही. एका अंगाला साचा असतो, दुसऱ्या अंगाला मॅट. दुरुस्तीत तो उघड्या हवेत पिकतो, आणि पॉलिएस्टर जातीचं रेझिन हवेशी भिडलं की त्याचा वरचा पापुद्रा चिकटच राहतो. आकार द्यायलाही आता साचा नसतो. गोलाई डोळ्याने आणि हाताने आणावी लागते.

मराठीत असं पुस्तक का हवं, हे कोकणच्या कुठल्याही बंदरावर गेलं की दिसतं. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या उभ्या असतात, आणि छोट्या मासेमारीत तर त्यांचीच संख्या डोळ्यांत भरते. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्या फायबरच्या, मांडव्याकडे धावणाऱ्या स्पीडबोटी फायबरच्या. काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांची होडी अमेरिकेत पहिल्यांदा घडली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातल्या रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये तशी छोटी शिडाची होडी केली. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने लाकडी होड्यांवर फायबरचं आवरण चढवण्याचे प्रयोग केले. २००४ च्या त्सुनामीनंतर पूर्व किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांचा पूर आला. माल पोचला, बांधायची रीत पोचली. दुरुस्तीचं शास्त्र मात्र किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत त्याच्या भाषेत पोचलं नाही. रेझिनच्या पिंपावरची सूचना इंग्रजीत, हार्डनरच्या बाटलीवरचा धोक्याचा इशारा इंग्रजीत, आणि ते हाताळणारा पोरगा मराठी किंवा कोकणी बोलणारा.

लाकडी होडीची गोष्ट वेगळी होती. तिची निगा वर्षाच्या चक्रातच बसलेली असे. पावसाळ्याआधी होडी ओढून घ्यायची, शाकारायची. मग फळ्यांमधल्या फटींचं कलाफत, तेल, डामर. एखादी फळी कुजली तर तेवढीच काढून नवी बसवायची. सुतार गावातलाच, आणि होडीच्या अंगाखांद्याची त्याला माहिती. फायबर आलं ते या सगळ्यातून सुटका म्हणून. ‘फायबरला काही होत नाही’ हे वाक्य मी किनाऱ्यावर इतक्यांदा ऐकलं आहे की ते खोडून काढणं हेच या पुस्तकाचं पहिलं काम मानतो. फायबर कुजत नाही आणि त्याला किडा लागत नाही, हे खरं. पण ते थकतं, झिजतं, पाणी पितं, आणि हे सगळं कांतीच्या आड घडत असल्यामुळे उशिरा कळतं. रोज वाळूवरून ओढल्या जाणाऱ्या होडीचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, पाहा. आधी जेलकोट घासून जातो, मग मॅटचे तंतू उघडे पडतात, आणि उघड्या तंतूंच्या वाटेने पाणी आत सरकत राहतं. वरून होडी धडधाकट दिसते.

म्हणून पुस्तकाचा पहिला मोठा भाग मी निदानाला दिला आहे आणि तिथे हात आखडता घेतलेला नाही. तडा दिसला की लांबी भरून मोकळं व्हायचं, ही सवय मोडायला हवी. जेलकोट ठिसूळ असतो, त्याच्यामागची काच लवचीक. काच वाकते तेव्हा जेलकोटला तिच्याबरोबर वाकता येत नाही, तो तडकतो. तेव्हा तड्याची नक्षी आपल्याला काहीतरी सांगत असते. एका बिंदूपासून चांदणीसारखे फुटलेले तडे म्हणजे तिथे कशाचा तरी आघात झालेला; बाहेरून धक्क्याला आपटली असेल, नाहीतर आत नांगर पडला असेल. एकमेकांना समांतर जाणारे तडे एखाद्या आडव्या पट्टीच्या किंवा कोपऱ्याच्या कडेने धावत असतील, तर तिथलं कवच गरजेहून जास्त वाकतंय. असे तडे कितीही वेळा भरा, एका हंगामात परत येतात. आतून थर वाढवून ती जागा ताठ केल्याशिवाय इलाज नाही, आणि ते केलं की वरची भरणी आपोआप टिकते.

कान हे दुसरं हत्यार. प्लॅस्टिकच्या मुठीने किंवा छोट्या हातोडीने कवचावर हलकेच वाजवत जायचं. चांगला भाग खणखणीत बोलतो. थर एकमेकांपासून सुटले असतील किंवा आतलं प्लायवूड ओलं झालं असेल, तर आवाज बसका येतो. तो जिथे बदलतो तिथे खडूने खूण करत गेलं की आजाराचा नकाशाच होडीवर उमटतो. बहुतेक वेळा हा नकाशा दिसणाऱ्या जखमेपेक्षा बराच मोठा निघतो. इंजिन जिथे टांगतात त्या मागच्या फळीशी ही तपासणी दर वर्षी व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. तिथे फायबरच्या दोन कवचांमध्ये प्लायवूड असतं आणि त्यातून इंजिनचे बोल्ट आरपार गेलेले असतात. बोल्टभोवतीचं सील सैल झालं की खारं पाणी प्लायवूडमध्ये शिरतं. लाकूड आत कुजत राहतं, बाहेर रंग तसाच. भर समुद्रात इंजिनासकट फळी उखडण्यापर्यंत ही गोष्ट जाऊ शकते.

निदानानंतर घासणं. दुरुस्ती इथेच टिकते किंवा इथेच फसते, आणि लोक सर्वांत जास्त कंजुषी इथेच करतात. घासण्याच्याही आधी जागा सॉल्व्हंटने पुसून मेण आणि तेलकटपणा काढला पाहिजे. उलट क्रमाने गेलं तर ग्राइंडरची चकती तेच मेण खरवड्यांत दाबून बसवते आणि मग ते निघत नाही. त्यानंतर भोकाच्या कडा सरळ कापून ठेवायच्या नाहीत. त्या उतरत्या करायच्या. जाडीच्या बारापट उतार, हे माप जगभरचे बोट बांधणारे मानतात. कवच सहा मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या प्रत्येक बाजूला ७२ मिलिमीटरपर्यंत उतार यायला हवा. म्हणजे १०० मिलिमीटरच्या, जेमतेम चार इंची भोकासाठी सुमारे २४४ मिलिमीटर रुंद, वीतभराहून मोठी जागा घासावी लागते. हे ऐकून होडीच्या मालकाचा चेहरा उतरतो, कारण त्याला आपली चांगली होडी कुणी खराब करतंय असं वाटतं. त्याला कारण समजावून सांगावं. कवचातला ताण काचेच्या तंतूंतून वाहत असतो, आणि भोक पडलं की ते तंतू तुटतात. तुटलेल्या टोकांना नव्या तंतूंची टोकं नुसती भिडवून भागत नाही, कारण त्या सांध्यावर सगळा भार रेझिनच्या पातळ रेषेवर पडतो. लांब उतारावर मात्र जुना थर आणि नवा थर मोठ्या क्षेत्रावर एकमेकांना धरतात आणि ताण एका काचेतून दुसऱ्या काचेत सरकू शकतो. नुसती पुट्टी भरलेल्या भोकात हे काहीच होत नाही. तिथे काच नाही, म्हणजे ताण वाहून नेणारं काही नाही. पहिल्या मोठ्या लाटेला ती पुट्टी अखंड तुकड्यासारखी निसटते.

थरांचा हिशेब त्या मानाने सोपा. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर रेझिन पिऊन साधारण एक मिलिमीटर होतो. मॅटला तिच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं, रोविंगला वजनाइतकंच पुरतं. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद, हा समज सोडून द्यावा. काचेशिवायचं रेझिन ठिसूळ असतं. हार्डनर वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. वैशाखातल्या दुपारी किनाऱ्यावर हे मिश्रण डब्यातच तापून घट्ट होतं, धूर सोडतं. म्हणून काही जण हार्डनर अगदी थेंबभर टाकतात. ते करू नये. एका टक्क्याच्या खाली गेलेलं रेझिन वरून वाळल्यासारखं दिसलं तरी कधीच पुरतं पिकत नाही. त्यापेक्षा पहाटे काम करावं, थोडं थोडं कालवावं आणि कालवलेलं खोल डब्यात न ठेवता पसरट ताटलीत ओतावं.

आता ओलाव्याचा प्रश्न. या पुस्तकाचं सगळ्यात जास्त वजन मी या प्रकरणावर ठेवलं आहे, कारण परदेशी पुस्तकांत आपल्या किनाऱ्याचं उत्तर सापडत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, माणसं मोकळी, ग्राइंडर चालवायला हात उपलब्ध. दुरुस्ती करावी असं कॅलेंडर म्हणतं ते याच दिवसांत. आणि कोकणातल्या हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते तीही याच दिवसांत. काचेचा तंतू ओलावा धरतो. ओलावलेल्या मॅटमध्ये रेझिन नीट मुरत नाही, दुधट डाग राहतात, पिकणं मंदावतं. कवचाच्या आत शिरलेलं खारं पाणी तर झटकन वाळतही नाही, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेत राहतं.

यावर माझं उत्तर कामाची विभागणी असं आहे. ज्या होडीचं दुखणं ताकदीचं आहे, म्हणजे भोक, सुटलेले थर, कमकुवत झालेली मागची फळी, तिला मे महिन्यात, शाकारणीच्या आधी हात घालावा. मासेमारीचे शेवटचे आठ-दहा दिवस सोडावे लागतील, हे मला माहीत आहे. कर्ज असलेल्या माणसाला ते सोपं नाही. पण पावसात घाईने चढवलेला थर सप्टेंबरात सुटला तर हंगामातले त्याहून किती तरी जास्त दिवस जातात. पावसाचे दोन महिने मग कशाला वापरायचे? जखमा उघडण्याला, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढण्याला, आणि वरून छप्पर व बाजूने वारा ठेवून होडी वाळवण्याला. नारळी पौर्णिमेच्या आसपास जी उघडीप मिळते ती उरलेल्या कामाला घ्यावी. अगदीच निकड असेल तर ताडपत्रीचा बंद तंबू करून आत हॅलोजनची ऊब द्यावी, दिवा ताडपत्रीपासून आणि रेझिनपासून लांब ठेवावा, मॅट आदल्या रात्री घरात कोरड्या जागी सोडवून ठेवावी, घासून झालं की त्याच दिवशी थर चढवावा, आणि संध्याकाळ व्हायच्या आत काम पुरं करावं. तंबूत रेझिन ओतण्याआधी दिवा विझवायचा, हे मात्र विसरू नये; रेझिनची आणि ॲसिटोनची वाफ पेट घेते.

सतत पाण्यात तरंगणाऱ्या होड्यांना आणखी एक दुखणं जडतं: पाण्याखालच्या जेलकोटवर फोड येतात. पाणी जेलकोटमधून झिरपतं, आत विरघळण्याजोगं जे असेल ते विरघळवतं, आणि त्या द्रवाचा दाब कांती फुगवतो. फोड फोडला की आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. रोज वाळूवर ओढल्या जाणाऱ्या मासेमारी होड्यांत हे क्वचित दिसतं. ज्यांना ते भेटेल त्यांच्यासाठी एक छोटं प्रकरण दिलं आहे. त्याचा गाभा एवढाच की उघडा, धुवा, आठवडेच्या आठवडे वाळू द्या आणि मग भरा.

पॉलिएस्टर वापरावं की एपॉक्सी, हा वाद कुठल्याही यार्डात रंगतो. एपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला जास्त घट्ट चिकटतं, पाणीही कमी पितं. पण ते महाग, आणि त्याच्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट धड बसत नाही. नेहमीच्या मॅटमधले तंतू ज्या बांधकाने एकत्र धरलेले असतात तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून तिथे विणलेलं कापडच हवं. पाण्याखालच्या ताकदीच्या कामाला एपॉक्सी आणि वर रंग. पाण्यावरच्या, जेलकोट पुन्हा चढवायच्या भागाला पॉलिएस्टर. माझा कल असा आहे. दोन्ही बाजूंचे जाणकार याला अपवाद दाखवतील आणि त्यांत तथ्य असेल.

चांगल्या हातांनी केलेलं फायबरचं काम किती टिकतं हे पाहायला लांब जावं लागत नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घडली. लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि त्यावर काच व एपॉक्सी अशी तिची बांधणी. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमींनी कुठेही न थांबता. त्याच यार्डातल्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. दक्षिण महासागराच्या लाटा सोसणारं काम आपल्या मांडवीच्या काठावर होतं. तेव्हा शिस्त आपल्या हवेत जमत नाही, हे मला मान्य नाही.

जेलकोटबद्दल वाचकाला सगळ्यात जास्त उत्सुकता असते, कारण दिसतं तेच. ते प्रकरण मुद्दाम शेवटाकडे ठेवलं आहे. बारीक तडे नुसते झाकायचे नाहीत. त्यांना टोकदार हत्याराने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून मोकळं करायचं, म्हणजे घट्ट केलेला जेलकोट मुळापर्यंत उतरतो. भरताना थोडा उंच भरायचा, वरून प्लॅस्टिकची फिल्म दाबायची किंवा शेवटच्या हातात मेणाचं द्रावण मिसळायचं, म्हणजे हवा तुटते आणि चिकटपणा राहत नाही. मग २२० च्या पेपरपासून ४००, ६००, ८००, १२०० असा पाण्यातला प्रवास, कंपाउंड आणि पॉलिश. रंग जुळवताना आधी जुना भाग कंपाउंडने उजळून घ्यावा. उन्हाने पांढुरका झालेल्या पापुद्र्याशी रंग जुळवला तर पहिल्या पॉलिशनंतर ठिगळ उठून दिसतं. पांढऱ्यातही पिवळसर, निळसर, करडा असे कितीतरी पांढरे असतात, आणि ओला रंग वाळल्यावर बदलतो, म्हणून तुकड्यावर चाचणी घेतल्याशिवाय होडीला हात लावू नये. सगळा जेलकोट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा आहे हेही ध्यानात असू द्यावं. दर वर्षी हौसेने घासून पॉलिश केली तर काही वर्षांत काच वर येते.

हे सगळं कष्ट घेऊन करायचं आणखी एक कारण आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फार कमी होते. पिकलेलं रेझिन पुन्हा वितळत नाही. लाकडी होडी मोडली तर फळ्या चुलीत जातात किंवा मातीत मिळतात. लोखंड भंगारात विकलं जातं. फायबरच्या मोडक्या होडीला गिऱ्हाईक नाही. ती खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाच्या कडेला पडून राहते, किंवा कुणी तिला पेटवतो आणि तो काळा धूर वस्तीवर येतो. जी होडी आणखी पंधरा वर्षं चालू शकते ती तेवढी चालवणं, हा या साहित्यावर आज आपल्या हातात असलेला सर्वांत चांगला उपाय मला वाटतो.

या पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. प्रवासी नेणाऱ्या होडीची ताकदीची दुरुस्ती घरी करू नये; केली तर सर्व्हेअरला दाखवल्याशिवाय ती पाण्यात घालू नये. कण्याला आडवा गेलेला तडा, मागची पूर्ण फळी बदलणं, आतल्या उभ्या पट्ट्यांचे सुटलेले सांधे, ही कामं जाणत्या माणसाच्या सोबतीनेच करावीत. ती समजावीत एवढ्यापुरतीच इथे लिहिली आहेत.

कुठलंही प्रकरण आधी वाचलं तरी चालेल, पण सुरक्षेचं प्रकरण वाचल्याशिवाय डबा उघडू नये. काचेची धूळ फुप्फुसात जाते, आणि धुळीचा साधा मास्क स्टायरीनची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. हात ॲसिटोनने धुण्याची पद्धत बंद करायला हवी. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावूनच ओतावा, आणि तरी गेला तर लगेच स्वच्छ पाण्याची धार किमान १५ मिनिटं धरून तसंच दवाखान्यात न्यावं. रेझिनच्या पिकण्याला वेग देणारा कोबाल्ट त्यात आधीच मिसळलेला नसेल तर तो जांभळा द्राव आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावा, हार्डनर त्यानंतर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवू नयेत, आणि मापायला वेगवेगळी भांडी ठेवावीत, त्यांवर मराठीत, मोठ्या अक्षरांत नावं लिहून.